हौसावैनीची सुटका

"श्वास सोड गं. आता पोट आत घे. अजून घे. मंजे, तू टोक ओढ."

तुळसाक्का गुडघे टेकून बसलेली, तोंडात सुतळी, आणि माझी वैनी हौसा भिंतीला पाठ लावून, लुगडं वर धरून उभी. तिच्या पोटावर मोटारीच्या चाकातली रबरी ट्यूब, तिचे दोन वेढे, आणि ट्यूबमध्ये हातभट्टीची दारू गच्च भरलेली. अक्कानं गाठ मारली, वर जुनं धडपं गुंडाळलं, लुगडं सारखं केलं आणि मागं सरकून बघितलं.

"कितवा गं?" तिनं विचारलं.

"आता नववा. दुपारच्याला बाळंत," वैनी म्हणाली.

आम्ही तिघी खो खो हसलो. रोजचाच विनोद, पण रोज हसू यायचं. भीती पोटात असली की हसू लवकर येतं.

ही मुंबईत दारूबंदी होती तेव्हाची गोष्ट. आता सांगायला गेलं तर माझी नातवंडं म्हणतात, आजी, कायपण सांगतेस. सांगते काय मेल्यांनो, मी ते टोक ओढलंय! खाडीच्या बांधावर, मिठागरांच्या मागं आमची वस्ती होती. तिवरांच्या आत, जिथं भरतीचं पाणी शिरतं, तिथं भट्ट्या लागायच्या. माझा भाऊ शिरपती एका भट्टीवर होता. त्याची बायको हौसा माल पोचवायच्या खेपा करायची. आणि मी, नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या दारात येऊन पडलेली, तिच्या सोबतीला. पोटुशी बाई एकटी कशी हिंडेल? तिच्या बरोबर नणंद शोभून दिसते.

सगळ्या वस्तीची मालकीण तुळसाक्का. खोल्या तिच्या, भट्ट्या तिच्या, नळ तिचा. तिच्याही वर शहरात कुणी शेठ होता म्हणे. त्याची गाडी हमरस्त्यापर्यंत यायची, काच वर करून. त्याचं तोंड आमच्यातल्या कुणी कधी पाहिलं नाही. अक्का मात्र त्या काचेपुढं पदर डोक्यावर घेऊन उभी राहायची, तेव्हा ओळखू यायची नाही.

धंदा म्हटला की त्याची चोरटी भाषा आलीच. आमची भाषा बाळंतपणाची होती, कारण माल जायचा बायकांच्या पोटावरून. ट्यूब बांधून निघाली ती पोटुशी. पोलीस आले म्हणजे कळा आल्या. त्यातही हवालदार आपल्या हप्त्यासाठी आला तर त्या खोट्या कळा, त्याला चहा पाजायचा. आणि जीप भरून फौजदार धाड घालायला आला तर खऱ्या कळा. माल अड्ड्यावर पोचला की सुटका झाली. मग अक्का घरोघर गूळ वाटायची, भट्टीत घालायचा तोच काळा गूळ. माल सगळा शाबूत पोचला तर पोरगा झाला म्हणायचं, वाटेत गळला नाहीतर पकडला गेला तर पोरगी. आम्ही खेप करून आलो की माझा दादा रोज दारातनं विचारायचा, "काय गं, पोरगा का पोरगी?" आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा.

एक नियम मात्र हसण्यावारी नव्हता. खऱ्या कळांना ओळख नाही. एकदा फौजदारानं पकडलेल्या एका बाईच्या मानेवर हात ठेवून तिला तिच्या मावशीच्या दारात उभी केली होती आणि हाक मारायला लावली होती. मावशीनं दार उघडलं, आणि खोल्यांची ती अख्खी रांग तुरुंगात गेली. तेव्हापासून अक्कानं सगळ्यांना शपथ घातली होती: कळा आल्या की विस्तवावर माती लोटायची, माल पाण्यात नाहीतर पाण्यापलीकडं न्यायचा आणि दारं लावून घ्यायची. मग सख्खी आई जरी दारात रडत आली, तरी कडी काढायची नाही.

कळा आल्याचं सांगायचा पेद्रू. गोव्याकडचा माणूस, बोटीवर खलाशी होता, पाय मोडल्यावर आमच्यात येऊन पडला. बांधाच्या टोकाला एका मोडक्या पडावावर बसून दिवसभर रस्त्याकडं बघायचा. शिट्टी अशी घालायचा की खाडीपलीकडचे बगळे उडायचे. तुटक शिट्ट्या म्हणजे कळा, एक लांब शिट्टी म्हणजे सुटका. मराठी त्याला आमच्या धंद्यातली तेवढी यायची. बाकी हातवारे आणि हसणं.

आता वैनीचं सांगते. वैनीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. गावाकडं तिला कुणी ओटी भरायला बोलवत नसे. कुणी म्हणजे कोण, माझीच आई! शेजारणीचं बाळ वैनीनं उचललं तर आई ते तिच्या हातातनं काढून घ्यायची. मी डोळ्यांनी बघितलंय. तीच वैनी मुंबईत पोटावर ट्यूब बांधून बसमध्ये चढली की माणसं उठून जागा द्यायची. कंडक्टर म्हणायचा, ताई, सावकाश. एकदा एका गुजराती म्हातारीनं तिच्या पोटावरनं हात फिरवला आणि डोळे मिटून काहीबाही पुटपुटली.

खाली उतरल्यावर वैनी म्हणाली, "मंजे, म्हातारीनं दारूला आशीर्वाद दिला गं. तिला पाप लागंल का?"

"तिला कशाला लागंल? लागलं तर आपल्याला."

"आपल्याला लागू दे. पर आशीर्वाद वाया जायला नगं हुता."

अड्ड्यावर ट्यूब उतरवली की वैनी घटकाभर तशीच बसून राहायची, सपाट पोटावर हात ठेवून. "रोज बाळंत हुते," म्हणायची, "आन् रोज मोकळ्या हातानं घरी येते." मी चेष्टेवारी न्यायचे. मला तेव्हा काय कळत होतं!

दसरा झाला होता. नळावर आम्ही दोघीच होतो. हंडा भरता भरता वैनी म्हणाली, "मंजे, मी पोटुशी हाय."

"आज? आज तर खेप न्हाय."

ती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं येडे, मी पोटुशी हाय."

"मग अक्कानं मला कसं सांगितलं न्हाय? ट्यूब कवा बांधायची?"

तिनं माझा हात ओढला आणि ओल्या लुगड्यावरनं आपल्या पोटावर दाबून धरला. तिथं काही लागत नव्हतं अजून. पण तिचं तोंड बघितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हंडा भरून वाहत होता, मागनं बायका ओरडत होत्या, आणि आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडत होतो. तसा आनंद मला पुढं माझ्या स्वतःच्या लेकरांच्या वेळीही झाला नाही.

अक्काला सांगायला मीच वैनीच्या बरोबर गेले. अक्का सुपारी कातरत होती.

"अक्का, मी पोटुशी हाय," वैनी म्हणाली.

"उद्या हाईस. आज पारूची पाळी."

"तसं न्हाय, अक्का. देवाघरची."

अडकित्ता थांबला. अक्का उठली, वैनीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं, नीट बघितलं आणि कडाकडा बोटं मोडली. तिला खरंच आनंद झाला. तिलाही मूल नव्हतं. मग खाली बसून तिनं परत सुपारी हातात घेतली आणि म्हणाली, "लई ब्येस झालं. आता ट्यूब पाठीला आन् मांड्यास्नी बांधू. हवालदार पोटात टाचणी टोचून बघतोय ना? टोचू दे की! खऱ्या पोटाला हात लावायची कुणाच्या बापाची छाती हाय?"

वैनीचं तोंड उतरलं. "अक्का, मला ह्यातनं सोडवा. आठ दिसाचं पाहुणं म्हनून न्हाय आलंय त्ये. ह्ये एवढं तरी माजं मला नीट हुंद्या."

"सोडवते की. पर खोली कुणाची हाय, शिरपती कुणाच्या भट्टीवर हाय, त्ये बी बघ." आवाज चढवला नाही तिनं. मग आमच्याकडं न बघता म्हणाली, "मला तरी कोन सोडवतंय, हौसा? सातवा सरला की तुला घरी बसवते. तुळसाचा शब्द हाय."

शब्द ऐकून वैनी खूश झाली. तिला कुणीही खूश करावं.

सातव्यात अक्कानं डोहाळजेवण केलं ते मात्र झोकात. हिरवं लुगडं, कोपरापर्यंत हिरवा चुडा. होडीतलं डोहाळजेवण म्हणून पेद्रूनं आपला पडाव झेंडूच्या माळांनी सजवला आणि वैनीला त्यात बसवली. मोडका पडाव, चिखलात रुतलेला, पण वैनी त्यात राणीसारखी बसली होती. दोन वाट्या झाकून ठेवल्या. तिनं एक उघडली, आत पेढा. पेढा म्हणजे मुलगा. सगळ्या बायका ओरडल्या, "पोरगा! पोरगा!" आणि दादा लांबनं ओरडला, "माल शाबूत!" सगळी वस्ती हसली. वैनी पण हसली. आमची सुईण बनाबाई तिथंच होती. ती वैनीला म्हणाली, "मी हाय गं. कळा आल्या की नुसता निरोप धाड."

सातवा सरला. वैनी घरी बसली, चिंध्यांची दुपटी शिवायला लागली. आणि शिमगा आला.

शिमग्याला गिरणगावात एकही घसा कोरडा राहत नाही. त्यातच खेपा करणारी पारू आणि आणखी एकजण नाक्यावर पोलिसांना सापडल्या. रस्त्यावर काचबंद गाडी येऊन उभी राहिली, अक्का पदर घेऊन गेली आणि परत आली ती थेट आमच्या खोलीत. हातात ट्यूब होती.

"हौसा, एवढी एक खेप."

वैनी दुपटं शिवत होती. सुई तशीच धरून ती म्हणाली, "अक्का, पोट खाली उतरलंय. बनाबाई म्हनली, उचल-ठेव करू नगं."

"उचलायचं काय त्यात? बांधून तर देते मी. एवढी एक. मग तुजं बाळंतपन मी माझ्या हातानं करते, शेक-शेगडी सगळं. न्हाय गेलीस तर शेठ मला इचारनार न्हाय, शिरपतीला इचारंल. कळतंय का?"

दादा दारात उभा होता. भट्टीवरचा चांगला गडी, गुळाचं पिंप एकट्यानं उचलायचा. त्यानं वर बघितलंच नाही. चौकटीचा टवका नखानं काढत राहिला. त्या वेळी त्याचा मला असा राग आला की अजून तो गेलेला नाही, आणि दादा जाऊन आता कैक वर्षं झाली.

अक्कानं सुतळी पाण्यात भिजवून गाठी मारल्या, वाटेत सैल पडू नयेत म्हणून. पाठीला एक ट्यूब, दोन्ही मांड्यांना एकेक. या वेळी "कितवा गं?" असं कुणी विचारलं नाही.

उन्हं कलायला लागली होती. बांधावरनं रस्त्याकडं जाताना डाव्या हाताला मिठाचे ढीग, उजव्या हाताला खाडी. वैनी पाय फाकून चालत होती. मिठागराच्या पंपाचं खोपट आलं आणि ती थांबली. माझा दंड धरला तो असा की नखं रुतली.

"मंजे, खाली बसू दे."

"दमलीस व्हय?"

"न्हाय गं. कळ आली."

मी चटकन रस्त्याकडं बघितलं. पोलीस कुठं दिसेना. "कुठं हाय? मला तर कोन दिसत न्हाय."

"पोटात, मंजे! पोटात!"

तिला मी खोपटाच्या सावलीत टेकवली. पायाखालची माती ओली झाली होती. मला वाटलं ट्यूब फुटली, पण दारूचा वास नव्हता. वस्ती तशी हाकेच्या अंतरावर, पण वारं खाडीवरनं उलटं येत होतं. पेद्रू त्याच्या पडावावर बसलेला दिसत होता. मी बांधावर चढले, दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले,

"पेद्रूऽऽ! वैनीला कळा आल्याऽऽ! बनाबाईला धाडऽऽ! लवकर धाड!"

आमच्या घाटावर धाड म्हणजे पाठव. निरोप धाड, पोराला धाड, पैसं धाड. आईच्या दुधाबरोबर आलेला शब्द तो. आता कुणी मला म्हणतं, मंजुळाबाई, तुम्ही 'पाठव' का नाही म्हणालात? अहो, जीव कंठाशी आलेला माणूस शब्द निवडत बसतो का? मी काही चुकीचं बोलले नाही. कळांना कळाच म्हणतात. आमचे शब्द आम्हीच त्या दारूत बुडवून ठेवले होते, त्याला मी एकटी काय करणार?

पेद्रूला ऐकू गेलं ते एवढंच: कळा, आणि धाड.

तो उभा राहिला, दोन बोटं तोंडात घातली आणि तुटक शिट्ट्या घालायला लागला. मला क्षणभर हायसं वाटलं. म्हटलं, बनाबाईला बोलावतोय. वैनीला म्हणाले पण, "आली हां बनाबाई, आली." आणि परत बघते तो काय, तिवरांवरचा धूर एकेक करून विझत होता.

मी धावत सुटले. वस्तीत शिरले तेव्हा शेवटची दारं लागत होती. बनाबाईच्या खोलीला कुलूप! तिच्या खोलीत अक्काचा माल ठेवलेला असायचा, सुईणीच्या पेटीखाली कोण बघतो म्हणून. तो घेऊन ती होडीत बसून खाडीत निघाली होती. मी चिखलात गुडघ्यापर्यंत शिरून हाका मारल्या. "बनाबाई! वैनीला कळा आल्यात! मागं फिर!" तिनं मला बघितलं. नक्की बघितलं. आणि तोंड फिरवलं. नियमाप्रमाणे.

दादाची भट्टी विझलेली, दादा तिवरांत कुठंतरी पाण्यात गळ्यापर्यंत उभा असणार. मी दारं बडवत सुटले. आत माणसं होती, मुलांची तोंडं दाबलेली कळत होती. "अगं उघडा गं! खऱ्या कळा हायत! खऱ्या!" जितकी मी 'खऱ्या, खऱ्या' म्हणून ओरडत होते, तितका आतला श्वाससुद्धा बंद होत होता.

शेवटी अक्काचं दार. मी डोकं आपटलं त्यावर.

"अक्का, मी मंजी! हौसाला खऱ्या कळा आल्यात. तिकडं खोपटापाशी एकली पडलीया. मरंल ती!"

मग अगदी दाराशी, लाकडाला तोंड लावून बोलावं तसा आवाज आला.

"कोन गं बाई तू? आमी तुला वळखत न्हाय."

"अक्का, माझ्यामागं कोन न्हाय! देवाशपथ कोन न्हाय!"

"हौसा म्हनून आमच्यात कोन न्हाय, बाई. पुढलं घर बघ."

त्या दारावर मी थुंकले आणि परत पळाले.

वैनी होती तिथंच होती. लुगडं दातात धरलेलं. मला एकटीला बघून म्हणाली, "आधी ह्ये सोड." सुतळी वाळून अशी आवळली होती की नखं लागेनात. मी दातांनी तोडायला बसले. पाठीची सुटली. मांडीची एक सुटली, आणि दुसरी तोडता तोडता खोपटाच्या पत्र्याला लागून फुटली. सगळी दारू वैनीच्या अंगावर, माझ्या अंगावर. दरवळ सुटला. डोळे चुरचुरायला लागले.

रस्त्यावर हवालदार गोडांबे उभा होता. निळी अर्धी विजार, पिवळी टोपी, आणि छातीच्या खिशाला टोचलेली ती टाचणी. त्याला आम्ही सगळ्याजणी शिव्या घालायचो. मी जाऊन त्याचे पाय धरले. त्यानं वास घेतला आणि हसला.

"काय गं, आज मध्येच बाळंत झाली वाटतं?"

"सायेब, मला आत टाका, फाशी द्या. पर माज्या वैनीला बघा. खरंच पोटुशी हाय ती."

"असं रोजच असतं तुमचं," म्हणाला, पण आला. खोपटापाशी आला आणि जागीच थिजला. टोपी काढून हातात घेतली. मग पळत जाऊन रस्त्यावर आडवा उभा राहिला आणि मिठाचा एक ट्रक थांबवला. वैनीला त्यानंच उचलून वर ठेवली. सबंध वस्तीत त्या दिवशी दार उघडलं ते या एकट्यानं, हेही सांगायलाच हवं.

मिठाच्या गोण्यांवर वैनीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिचं अंग थंड पडत होतं. मध्येच तिनं डोळे उघडले.

"मंजे, ही खेप माजी हाय ना गं?"

"तुजीच, वैनी. दुसऱ्या कुणाची न्हाय."

"अक्काला सांग, ह्यातलं काय बी द्यायचं न्हाय म्हनावं."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खटपट केली. नर्स नाकाला पदर लावून, पण पळत होती. थोड्या वेळानं त्यांनी मला आत बोलावलं. मुलगा होता. काळेभोर जावळ, मुठी मिटलेल्या. तो आवाज न करताच आला होता. वैनी त्याच्या आधी गेली का नंतर, ते मी विचारलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिचा नवरा कुठंय? त्याला घेऊन या, मग ताब्यात देऊ." गोडांबे दारात उभा होता. त्यानं मला धरलं नाही. "जा, घेऊन ये," एवढंच बोलला आणि दुसरीकडं बघायला लागला.

पुढं दारूबंदी सैल झाली. अक्काची वस्ती शेठनं मोडली आणि त्याच खाडीतनं रातोरात दुसरा, जास्त किमतीचा माल उतरायला लागला. तिथं आता बिल्डिंगा आहेत, वाचमन आत सोडत नाहीत. अक्का शेवटी एका देवळाबाहेर बसायची. मी बघितली आणि पुढं गेले. ओळख दाखवली नाही.

पण त्या दिवशी मी बांधावरनं परत आले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती आणि वस्तीत एकही दिवा नव्हता. दारं अजून बंद होती. पेद्रू पडावाच्या आड लपून बसला होता. झेंडूच्या वाळक्या माळा अजून पडावाला लोंबत होत्या. त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "मंजी? हौसा?"

काय सांगायचं? गावाकडं फार हाल होऊन कुणी गेलं की बायका जे म्हणतात, तेच माझ्या तोंडून आलं.

"सुटली," मी म्हटलं. "सुटली बिचारी."

पेद्रूचे दात अंधारात दिसले. त्यानं बोटं तोंडात घातली आणि एक लांब शिट्टी घातली. लांबच लांब.

पहिलं दार अक्काचं उघडलं. मग सगळीच. चिमण्या लागल्या, चुली पेटल्या, दाबून ठेवलेली पोरं ओरडत बाहेर आली. कुणीतरी शिमग्याची हलगी काढली. खाडीतनं बनाबाईची होडी परत येत होती. अक्का लगबगीनं आली, तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली. "दारात लई रडलीस गं. माजं काळीज तुटत हुतं, पर काय करनार, नियम म्हंजे नियम. सुटली ना? बसली असंल अड्ड्यावर घटकाभर, तिच्या सवयीनं. देव पावला!" मी तोंड उघडलं, तर तिनं त्यात गुळाचा खडा घातला. माझ्या लुगड्यावर रक्त होतं, पण चिमणीच्या उजेडात ते पाण्यासारखंच काळं दिसत होतं, आणि वर दारूचा वास येत होता, रोजचाच.

तिवरांतनं दादा आला. गळ्यापर्यंत चिखल, थंडीनं कुडकुडत होता. कुणीतरी त्याच्याही हातावर गूळ ठेवला. तो त्यानं तोंडात टाकला आणि दारात उभा राहून, रोजच्यासारखा, मला विचारलं,

"काय गं मंजे, पोरगा का पोरगी?"

मी गूळ गिळला.

"पोरगा," म्हटलं.

सगळे हसले. दादा सगळ्यांत मोठ्यानं हसला.